उन्हातला हेडलाईट

नागपूरच्या नंदनवनात खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला नाव, गाव, नोकरी, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. इंजिन चालू ठेवूनच मी फाटकापाशी पत्ता विचारत होते. त्यांनी माझ्या मोटरसायकलकडे बोट केलं आणि म्हणाले, "लाईट चालू आहे."

"हो काका. नवीन गाड्यांचा चालूच राहतो. त्याला बटण नसतं."

"बटन नाही?" काका पायऱ्या उतरून आले आणि हँडलच्या उजव्या बाजूला, पूर्वी जिथं लाईटचं बटण असायचं तिथं, अंगठा फिरवून पाहिला. "मंग बंद कसा करता?"

"इंजिन बंद केलं की होतो बंद."

"आन इंजिन चालू ठेवून बंद करायचा असल तर?"

"नाही करता येत."

काकांनी आधी आभाळाकडे पाहिलं. एप्रिलचं ऊन होतं, दुपारचे बारा वाजले होते. मग त्यांनी हेडलाईटकडे पाहिलं आणि घरात हाक मारली, "अवं, ऐकलं काय? पोरगी चांगली आहे. गाडी तेवढी बिघडलेली आहे. वरची खोली देऊन टाक."

अशा रीतीने मी त्या घरात तीन वर्षं राहिले. मी मूळची उमरेडची. नागपुरात एका कॉलेजच्या लायब्ररीत लागले होते. गाडी माझ्या भावाची, तो नोकरीसाठी हैदराबादला गेला म्हणून माझ्याकडे आलेली. घरमालक म्हणून काकांनी मला कधी त्रास दिला नाही. मित्र आले, मैत्रिणी आल्या, उशीर झाला, त्यांनी कधी हू की चू केलं नाही. त्यांचं सगळं लक्ष माझ्या बॅटरीकडे होतं.

काका कोळशाच्या खाणीत नोकरीला होते, पण कोळशाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. कन्हानच्या पुढे एक जुनी, जमिनीखालची खाण होती. तिच्या तोंडापाशी एक लांबट खोली होती, तिला बत्तीघर म्हणत. खाली उतरणारा प्रत्येक माणूस बत्तीघराच्या खिडकीशी यायचा, आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि टोपीला लावायचा दिवा घ्यायचा. पाळी संपली की दिवा परत द्यायचा, बिल्ला न्यायचा. खुंटीवर बिल्ला लटकत असेल तर तो माणूस अजून खाली आहे. परत आलेले दिवे रॅकवर चार्जिंगला लावायचे आणि दुसऱ्या पाळीला भरलेले द्यायचे. काकांनी चौतीस वर्षं त्या खिडकीच्या आतल्या बाजूला काढली.

"खाली दिवा विझला तर काय होते माहीत आहे काय तुले?" त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "सवताचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. माणूस असते तिथंच बसते. दुसरा दिवा येईलोक बसूनच राहते. म्हणून म्हणतो, काम नाही तिथं दिवा जाळू नाही."

त्यामुळे काकांना कोणी कंजूष म्हटलं तर मी आजही भांडायला तयार आहे. त्यांच्या चहात साखर जास्तच असायची, पाहुण्याला ते हात धरून दुसऱ्यांदा जेवायला बसवायचे, आणि माझं घरभाडं त्यांनी तीन वर्षांत एकदाही वाढवलं नाही. पैसा गेला तर त्यांना काही वाटत नसे. साठवलेली वीज फुकट गेली की मात्र त्यांचा जीव कासावीस व्हायचा. टॉर्चमधला एक सेल ते उलटा घालून ठेवत, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी जळायला नको. टीव्ही बघून झाला की रिमोटचे सेल निघायचे आणि टीव्हीच्या डोक्यावर जोडीनं आडवे व्हायचे. दुपारी जेवून दोघं आडवी होत तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचा सेलही काढला जायचा, कारण झोपलेल्या माणसाला वेळ कशाला हवी. उठल्यावर सेल घालून काका अंदाजानं काटे फिरवत. त्यामुळे त्या घराची वेळ नागपूरच्या वेळेपेक्षा वेगळी असायची आणि तिच्यावर विसंबून मी दोनदा लायब्ररीत बोलणी खाल्ली.

मोबाईल तर कायम बंद. सकाळी आठ ते सव्वाआठ तेवढा चालू. "कोणाले काही सांगायचं असल तर आठले सांगावं," म्हणायचे. "जग बुडून राहिलं असल तर तेही आठलेच."

काकू या सगळ्याला पुरून उरल्या होत्या. कुलरचा आवाज असो, मिक्सर असो, त्यांचं बोलणं त्याच्या वर ऐकू यायचं. "माह्या तोंडाची बॅटरी तेवढी कुठून काढाची ते यायले अजून सापडलं नाही," त्या मला सांगायच्या. "चाळीस वर्षांपासून शोधून राहिले."

आपल्याकडे एक खूण होती. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवसा लाईट चालू दिसला की हात वर करायचा, पाचही बोटं जवळ आणायची, उघडायची, मिटायची. अनोळखी माणूस ओळखायचा, मान डोलवून लाईट बंद करायचा आणि जायचा. बिनबटणाच्या गाड्या आल्या तशी ती खूण रस्त्यावरून गेली. काकांनी ती सोडली नव्हती. रोज सकाळी भाजी आणायला म्हणून ते निघायचे आणि चौकात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला बोटं उघडून-मिटून दाखवायचे. कॉलेजच्या पोरी हसून टाटा करायच्या. एका भल्या माणसानं थांबून "कुठं सोडू काका?" असं विचारलं. भाजी नेहमी उशिरा यायची.

एकदा पुढच्या चौकात हेल्मेटची तपासणी चालू होती. काका नेहमीच्या जागी बोटं नाचवत उभे होते आणि बिनहेल्मेटवाले ते बघून गाड्या वळवून परत जात होते. थोड्या वेळानं एक हवालदार त्यांच्यापाशी आला.

"काका, पुढे पोलीस आहे म्हणून सांगून राहिले काय लोकायले?"

"पोलिसाचं कोण सांगते? मी लाईटचं सांगून राहिलो."

"लाईट तर सगळ्यायचेच चालू आहे."

"तेच तर सांगून राहिलो न मी."

हवालदारानं त्यांना उन्हात उभं ठेवण्याऐवजी आपल्या मोटरसायकलवर बसवून घरी आणून सोडलं. त्याच्याही गाडीचा लाईट चालू होता. फाटकापाशी उतरताना काका त्याला अजून समजावतच होते आणि तो बिचारा "हो काका, साहेबांले सांगतो," म्हणत होता.

मी त्यांच्याशी वाद घालायची. हा लाईट आपल्याला दिसावं म्हणून नसून दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून असतो, त्यानं अपघात टळतात, नियमच तसा आहे, हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितलं असेल. "एवढी मोठी गाडी, तिच्यावर बसलेली एवढी मोठी पोरगी ज्याले दिसत नाही," काका म्हणायचे, "त्याले तुह्या दिव्यानं काय दिसन?" माझ्या वजनावर बोलल्याबद्दल मी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. त्यांना ते कळलंही नाही.

पण एक गोष्ट खरोखर रागाची झाली. काकांनी माझ्या नकळत रोज सकाळी हेडलाईटच्या मागे हात घालून बल्बचा कपलर, म्हणजे वायरींना जोडणारा तो प्लास्टिकचा गट्टू, काढून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी मी आले की मी जिना चढेपर्यंत ते तो परत लावायचे. असं किती दिवस चाललं देव जाणे. मला दिवसा काही कळायचं कारण नव्हतं. एका शनिवारी मी लायब्ररीतून घरी न येता परस्पर उमरेडला निघाले. दिवस मावळला तेव्हा लक्षात आलं की समोर रस्त्यावर माझा उजेडच पडत नाहीये. मागून कोळशाचे ट्रक येत होते. मी एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून पुढच्या ढाब्यापर्यंत गेले. तिथल्या एका पंक्चरवाल्यानं मागे हात घालून कपलर बसवला आणि म्हणाला, "बल्ब चांगला आहे ताई. कोणी तरी कपलर काढून ठेवला होता."

मी तशीच परत फिरले. घरी येईपर्यंत काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. काका फाटकातच उभे होते. काकू म्हणाल्या, दिवेलागणीपासून उभे आहेत, पाणी प्यायले नाहीत. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "दिवा न देता माणूस खाली पाठवला मी."

एवढं बोलून ते घरात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवून सांगितलं की यापुढे तू म्हणशील तेव्हाच काढीन, नाहीतर हात लावणार नाही. माझा राग गेला होता, तरी मी मान्य केलं.

त्यांनी शब्द पाळला. फक्त रोज सकाळी मी गाडी बाहेर काढली की विचारायचे, "आज काढू काय?"

"नाही काका."

"बरं."

हे चार महिने, एक दिवस न चुकता.

मार्चात एका दुपारी माझ्या फोनवर एका बाईंचा फोन आला. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्यांना खाणीत नोकरी मिळाली होती आणि बत्तीघराचं काम त्यांना काकांनीच शिकवलं होतं. काकांचा फोन बंद म्हणून त्यांनी काकूंकडून माझा नंबर मिळवून ठेवला होता. "काकांले सांगाल का," त्या म्हणाल्या. "मंगळवारी आपली खदान बंद होऊन राहिली. सकाळची पाळी चारले वर येईन, ती शेवटची. तवा दिवे काकांनी घ्यावे, असं सगळ्यायचं म्हणणं आहे."

मी काकांना सांगितलं. त्यांनी तेव्हा रिमोटचे सेल काढायला घेतले होते, ते तसेच हातात राहिले. मग विचारलं, "किती माणसं आहे पाळीत?"

"बत्तीस म्हणाल्या."

"चौतीस वर्षं त्या खिडकीतून नुसते दिवे देल्ले मी. दुसरं काही देल्लं नाही कोणाले." आणि काकूंकडे वळून, "बत्तीस दुपट्टे लागन. आन त्या बाईले एक लुगडं."

आमच्याकडे मानाच्या माणसाच्या खांद्यावर दुपट्टा टाकतात, तसे दुपट्टे. इतवारीतल्या एका ठोक दुकानात काकांनी ते सांगून ठेवले. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलानं फोनवर (सकाळी आठ वाजता) सांगितलं की टॅक्सी करा. काका म्हणाले, जन्मभर मी कामावर दोन चाकांवर गेलो, शेवटच्या दिवशी चार कशाला? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःची गाडी विकली होती. म्हणजे दोन चाकं माझीच होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "लाईटले हात लावत नाही. बाकीची गाडी साफ करू देशील काय? उद्या रस्त्यात काही व्हायले नको." मी हो म्हटलं. दोन तास ते अंगणात बसून होते. चेनला तेल, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन, इकडचे-तिकडचे सगळे कपलर काढून पॉलिश पेपरनं घासून परत. गाडी शोरूममधून आली त्या दिवशीही इतकी स्वच्छ नसेल.

मंगळवारी दीडला निघालो. काकूंनी दोघांच्याही खिशात एकेक कांदा घातला, ऊन लागू नये म्हणून. काका धुतलेला शर्ट आणि खाणीतले जुने, जाड बूट घालून मागे बसले. तीसेक किलोमीटरचा रस्ता, चारला पोचायचं, वेळ भरपूर होता.

इतवारीत शिरल्यावर पोत्यांनी भरलेला एक हातठेला आडवा आला. मी हॉर्न दाबला तर तो घसा बसल्यासारखा वाजला. परत दाबला, आणखी बसका. मीटरमध्ये बॅटरीचं लाल चित्र लागलं होतं, ते कधीपासून लागलं होतं कुणास ठाऊक.

"गाडी बंद करू नको," काका मागून म्हणाले आणि उतरले. त्यांनी हेडलाईटच्या काचेवर दोन्ही हातांची सावली धरून आत वाकून पाहिलं. "पिवळा पडला. चार्जिंग होऊन नाही राहिली. बॅटरीत आहे तेवढ्यावरच चालून राहिली गाडी. ते संपलं की इंजिन बंद."

"मेकॅनिककडे नेऊ या."

"तो सगळी खोलन. पाच वाजतीन."

"मग रिक्षा बघू."

गल्लीत दोन्ही बाजूंनी टेंपो अडकले होते. रिक्षा शिरणं सोडाच, आहे ती गाडी मागे घेणंही शक्य नव्हतं. काका नुसते हेडलाईटकडे बघत उभे. मला वाटलं, ते हरले. त्या खिडकीपाशी चारला माणसं येतील आणि काका इतवारीत पोत्यांमध्ये उभे असतील. मग एकदम उमगलं. ते माझ्या परवानगीची वाट बघत होते.

"काढा काका," मी म्हटलं.

"पक्कं?"

"काढा म्हणते ना."

त्यांचा हात हेडलाईटच्या मागे गेला आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर आला. लाईट विझला. चार महिने रोज "बरं" म्हणून गिळलेलं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं. "आता जाईन," ते म्हणाले. "सव्वा तास जाईन. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही. ब्रेक लागन तेवढाच. ब्रेक दाबला की मागचा दिवा लागते. आन कायबी झालं तरी इंजिन बंद करू नको."

दुपट्टे घ्यायला ते दुकानात गेले आणि मी त्या गल्लीत ॲक्सिलरेटर धरून बसून राहिले. ठोक दुकानदाराला घाई कशी ती माहीतच नसते. त्यानं काकांना गादीवर बसायला सांगितलं, पाणी मागवलं, गठ्ठा सोडून एकेक दुपट्टा मोजायला घेतला. काका उभ्यानंच म्हणत होते, "गाडी चालू आहे, गाडी चालू आहे." माझ्या मागे हमालांची रांग लागली होती. एकजण वैतागून म्हणाला, "बाई, निघायचं नसल तर गाडी बंद तरी करा न, धूर खाऊन राहिलो आम्ही."

"बंद केली तर परत चालू होणार नाही."

"मंग निघा न."

"काका दुकानात आहेत."

हमालानं डोक्यावरचं पोतं सावरलं आणि दुकानाकडे तोंड करून ओरडला, "ओ काका, लवकर या गा, तुमच्या पोरीनं बाजार बंद पाडला." सगळी गल्ली हसली. काका गठ्ठा काखोटीला मारून धावत आले.

तिथून कामठी रोडपर्यंत माझ्या गाडीचा हॉर्न काका होते. "बाजू द्या गा, बिना हॉर्नची गाडी आहे," असं ते गळा काढून ओरडत होते आणि वळायचं असलं की आपला लांब हात बाजूला काढत होते. काखेत गठ्ठा असल्यामुळे डावा हात निघत नसे, म्हणून डावीकडे वळायच्या वेळी ते उजवा हातच डोक्यावरून डावीकडे न्यायचे. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाडीवाल्यांना माझा विझलेला हेडलाईट दाखवून सांगायचे, "पाहा, बंद केला. होते बंद." बंद लाईटबद्दल आम्हाला अख्ख्या रस्त्यात एकानंही हटकलं नाही. याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

कन्हानच्या पुलावर गाडीनं पहिला धक्का खाल्ला. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दम धर, माय."

"धरलाय हो काका."

"तुले नाही. गाडीले सांगून राहिलो."

पूल ओलांडला. मी ब्रेक विसरूनच गेले, नुसती गिअरवर गाडी हळू करत होते. गाडी गचके खात, थांबता थांबता परत उचल खात चालत राहिली. खाणीचं फाटक दिसलं आणि ती मेली. मीटर काळा, स्टार्टरला नुसती टिकटिक. चारला वीस कमी होते. काका उतरले, गठ्ठा खांद्यावर घेतला आणि "ये मागून" म्हणून निघालेसुद्धा. वय त्र्याहत्तर. मी गाडी ढकलत मागे, आणि तरी ते माझ्या पुढे.

बत्तीघरात बाईंनी त्यांना आपलं स्टूल दिलं. काकांनी तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि खिडकीशी बसले. खुंट्यांवर बत्तीस बिल्ले होते. चारला माणसं वर यायला लागली, काळी झालेली, उन्हात डोळे बारीक करत. अर्ध्या लोकांनी काकांना कधी पाहिलं नव्हतं. जुने होते ते वाकून खिडकीतून हात घालून त्यांचा हात धरत होते. काका दिवा घ्यायचे, बिल्ला द्यायचे, मग दुपट्टा. खिडकी एवढी लहान की खांद्यावर दुपट्टा टाकायला प्रत्येकाला डोकं आत घालावं लागत होतं. बाईंना लुगडं मिळालं तेव्हा त्या तोंड फिरवून दिव्यांची मांडामांड करायला लागल्या.

एकतीस झाले. एक बिल्ला राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेर गप्पा चालल्या होत्या त्या थांबल्या. काका स्टुलावरून उठून उभे राहिले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मीही त्या एका बिल्ल्याकडे बघत राहिले. मग तो आला, पंप बंद करायला मागे राहिलेला, सावकाश चालत. काकांनी त्याचा दिवा घेतला, त्याला बिल्ला दिला, दुपट्टा टाकला. रिकाम्या खुंट्यांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली. "सगळे वर आले," ते म्हणाले. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत.

मग माझ्या गाडीची पाळी आली. त्याच बत्तीसांतल्या एका इलेक्ट्रिशियननं, नवा दुपट्टा खांद्यावर ठेवूनच, बाजूचं झाकण उघडलं. "अरे, हे चार्जिंगचं कपलर लागलेलंच नाही, ताई. नुसतं टेकवून ठेवलं आहे. रस्त्यात निसटलं. कोणं काढलं होतं?"

मी काकांकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. आदल्या संध्याकाळची ती पॉलिश पेपरची घासाघास आम्हा दोघांनाही एकदमच आठवली असणार. चौतीस वर्षं ज्या जागी या माणसाच्या हातून एक दिवा रिकामा गेला नाही, त्या जागी, त्या माणसांसमोर. मी म्हटलं, "मीच. काल गाडी धुताना."

"गाडी धुताना कपलर कोण काढते?" तो हसला, बाकीचेही हसले. "बत्तीघराच्या माणसाच्या घरी राहता आन असं करता काय ताई." मी पण हसले. काका हसले नाहीत. बॅटरी काढून बाईंनी ती बत्तीघरातल्या एका चार्जरला लावली. तासभर लागणार होता. बाहेर चहा आणि बुंदी वाटत होते. काकांनी बुंदी घेतली नाही. गोड आवडणाऱ्या माणसानं ती नको म्हटली तेव्हाच मी समजायला हवं होतं.

आत टेबलावर बत्तीस दिवे पडले होते. काका उठले, एक दिवा उचलला, पुसला आणि रॅकवर चार्जिंगला लावला. मग दुसरा.

"काका, राहू द्या," बाई म्हणाल्या. "उद्या ट्रक येऊन राहिला, सगळे गोदामात जातीन. आता कोणासाठी लावता?"

"माहीत आहे," काका म्हणाले. "उपाशी ठेवून घरी गेलो नाही कधी." आणि तिसरा उचलला.

बाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी रॅकच्या दुसऱ्या टोकाकडून लावायला सुरुवात केली. एकेक लाल ठिपका लागत गेला. मला नुसतं उभं राहवेना, म्हणून मीही एक दिवा घेतला आणि खाचेत ठेवला. माझा ठिपका लागला नाही. इलेक्ट्रिशियन चहाचा कप घेऊन दारात उभा होता, त्याच्या मागे आणखी चारपाच जण. काका माझ्याकडे न बघता, त्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "नुसतं टेकवू नको वं. टक् वाजेलोक दाब. काल मी तेच विसरलो."